९० ग्रॅमच्या जिवाचं औषध

पालीसारख्या गावात दवाखाना चालवायचा तर माणसांपुरतं डॉक्टर राहून भागत नाही. बीपी मोजून झालं, औषधाची चिठ्ठी हातात पडली की पेशंट खुर्चीवरून उठता उठता विचारतो, "डॉक्टरसाहेब, अजून एक विचारायचं होतं. आमच्या सशाला दोन दिवस झाले, खाईना. पोराचं सिरप उरलंय, थेंबभर दिलं तर चालंल का?"

पूर्वी असे प्रश्न शेळीचे, कालवडीचे असत. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्या काही वर्षांत मात्र प्रश्नातले प्राणी बदलले. ससा, पांढरा उंदीर, गिनी पिग, पिंजऱ्यातले 'लव्हबर्ड' (बाजारात या नावानं मिळणारे बहुतेक पक्षी बजरीगर असतात), डोक्यावर तुरा असलेलं कॉकाटील, काचेच्या टाकीतलं लाल पट्ट्याचं कासव. पुण्याला कामाला असलेला मुलगा सुटीत येताना लेकरांसाठी घेऊन येतो. प्राणी घरात येतो, पण त्याचा डॉक्टर कुठं आहे हे कोणी विचारलेलं नसतं. प्राणी आजारी पडला की मग फ्रिजमध्ये ठेवलेल्या आपल्याच औषधांच्या डब्याकडे हात जातो.

माझं उत्तर आधी सांगतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. माझ्या एमबीबीएस, एमडीचा तिथं उपयोग नाही, आणि नसावा. पण "मी देऊ शकत नाही" एवढं सांगून पेशंटला वाटेला लावलं तर तो घरी जाऊन अंदाजानं पाव गोळी देतोच. म्हणून पाव गोळी का नको आणि मग काय करायचं, ते आज सविस्तर लिहितो आहे.

गणित करून बघू

एका कॉकाटीलचं वजन साधारण ९० ग्रॅम असतं. समजा, एखादं औषध किलोला १० मिलिग्रॅम या प्रमाणात द्यायचं आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतला आहे, कोणत्याही खऱ्या औषधाचा नाही. ९० ग्रॅमच्या पक्ष्याला ०.९ मिलिग्रॅम लागेल. आपल्या घरातली गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे एका गोळीचे साडेपाचशे समान भाग करायचे आणि त्यातला एक द्यायचा. बजरीगर तर ३०-४० ग्रॅमचाच असतो. त्याच्यासाठी गोळीचे चौदाशे भाग करावे लागतील.

पाव गोळी हा अंदाज इथं थोडासा चुकलेला नसतो, शंभर पटीच्या वर चुकलेला असतो. नखाएवढा तुकडा मोडला तरी तो डोसाच्या कित्येक पट असतो. शिवाय गोळीत औषध एकटं नसतं. गोळी बांधून ठेवणारे, फुगवणारे, गुळगुळीत करणारे पदार्थ असतात. औषध त्या सगळ्यात समान पसरलेलं आहे याची खात्री अख्ख्या गोळीपुरती असते, नखानं काढलेल्या कपच्याची नसते.

नुसत्या भागाकारानं भागत नाही

हुशार वाचक म्हणेल, "कळलं. वजन करायचं, त्या प्रमाणात कमी द्यायचं." पण शरीर असं सरळ हिशेबात चालत नाही.

लहान गरम रक्ताच्या प्राण्याची भट्टी जोरात पेटलेली असते. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, हत्तीचं तीसच्या आसपास. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की प्राण्याचं वजन ज्या प्रमाणात वाढतं त्या प्रमाणात त्याची ऊर्जेची गरज वाढत नाही, त्यापेक्षा कमी वाढते. म्हणजे एक ग्रॅम उंदीर एक ग्रॅम हत्तीपेक्षा कितीतरी जास्त इंधन जाळतो. अनेक औषधंही तो तितक्याच वेगानं जाळून टाकतो. म्हणून काही औषधांचा डोस लहान प्राण्याला किलोमागे आपल्यापेक्षा जास्त लागतो आणि दिवसातून अधिक वेळा द्यावा लागतो.

हा हिशेब उलट बाजूनं चुकल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीवर प्रयोग झाला. मांजरांना जेवढं एलएसडी दिलं गेलं होतं त्यावरून वजनाच्या हिशेबानं हत्तीचा डोस ठरला, २९७ मिलिग्रॅम. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. नंतर दिलेल्या इतर औषधांचा त्यात किती वाटा होता यावर वाद आहे. पण नुसत्या वजनाच्या त्रैराशिकावर भरवसा ठेवू नये, हे शिकवताना आजही हेच उदाहरण देतात.

कासव, सरडा यांची गोष्ट आणखी वेगळी. ते थंड रक्ताचे. त्यांच्या शरीराचा वेग बाहेरच्या तापमानावर चालतो. तेच औषध, तेच कासव, पण डिसेंबरच्या थंडीत आणि मे महिन्यात ते वेगवेगळ्या वेगानं शरीराबाहेर जातं. माणसाला दिवसातून दोनदा लागणारं औषध त्यांना काही वेळा दोन-तीन दिवसांतून एकदाच द्यावं लागतं.

"किती?" च्या आधी "कोणाला?"

सशाचं सिरप विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी थांबवू शकलो, कारण त्यांनी आधी विचारलं. दुसऱ्या एका घरी असं झालं नाही. घरातल्या लेकराला घसादुखीसाठी दिलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलं होतं. ससा शिंकत होता म्हणून शेजारच्यांच्या सल्ल्यानं त्याला अर्धा अर्धा चमचा तीन दिवस पाजलं. सशानं खाणं सोडलं, जुलाब लागले आणि पाचव्या दिवशी तो गेला. त्या घरच्या ताई मला हे आठवड्याभरानं सांगत होत्या, तेव्हाही त्यांचा समज होता की औषध कमी पडलं.

औषध कमी पडलं नव्हतं. ते सशाचं औषधच नव्हतं. सशाचं आणि गिनी पिगचं पोट हा एक मोठा आंबवण्याचा हौद असतो. त्यातले उपयोगी जंतू चारा पचवतात. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखं अँटिबायोटिक ते उपयोगी जंतू मारतं, मग विष तयार करणारे जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. इथं डोस अगदी काट्यानं मोजून दिला असता तरी धोका तोच होता. आपल्या लेकरांना आपण वर्षानुवर्षं विश्वासानं देतो ते औषध सशाला जीवघेणं ठरू शकतं.

अशी उदाहरणं आणखी आहेत. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल नीट निकामी करता येत नाही, ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. जंतांवर आणि गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला लुळं पाडतं, मारूही शकतं. कुत्र्याच्या पिसवांवरचा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे. साखर नसलेल्या काही सिरपमध्ये झायलिटॉल असतं, त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक खाली जाते.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना याचं सर्वांत मोठं उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं आठवेल, फक्त त्याचं कारण माहीत नसेल. गावाबाहेर मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं कुठं गेली? जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक दिलं जायचं. ते जनावर मेलं की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची किडनी बंद पडायची. गाय, बैल, माणूस या तिघांना चालणारं औषध, पण त्यानं देशातल्या काही जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून अधिक संपवली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांची मोठी बाटली जनावरांना वापरली जात होती म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली एका डोसाची, ३ मिलिलिटरची करण्यात आली. म्हणजे 'उरलेलं माणसाचं औषध जनावराला' हा प्रश्न एका घराचा नाही. त्यासाठी सरकारला बाटलीचं माप बदलावं लागलं.

कंपाउंडरचं काम

मग एवढुशा जिवाचं औषध येतं कुठून? पुष्कळदा ते तयार मिळतच नाही. कॉकाटीलसाठी ०.९ मिलिग्रॅमची गोळी कोणती कंपनी काढणार? ते बनवावं लागतं. पशुवैद्यकानं प्राणी तपासून चिठ्ठी लिहायची आणि फार्मासिस्टनं त्या एका प्राण्यासाठी औषध तयार करायचं, याला कंपाउंडिंग म्हणतात.

हा शब्द आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी डॉक्टरांच्या दवाखान्यात डॉक्टरांइतकाच मान कंपाउंडरला असायचा. पेशंट घरून रिकामी बाटली धुऊन आणायचे. कंपाउंडर त्यात लाल किंवा पांढरं मिक्स्चर भरायचा आणि कागदाची खाचा पाडलेली पट्टी बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. खलात कुटलेल्या गोळ्यांच्या पुड्या बांधायचा. पुढं कंपन्यांची तयार औषधं आली, फार्मसीचे कायदे आले, आणि कंपाउंडर हा शब्द सुई टोचणाऱ्या मदतनिसासाठी उरला. मूळचं काम, म्हणजे एका पेशंटसाठी औषध जुळवणं, आपण विसरलो. आता ते या छोट्या प्राण्यांच्या निमित्तानं परत दिसतं आहे.

हे काम मी एकदा जवळून पाहिलं. माझ्या दम्याच्या एका वृद्ध पेशंटच्या घरी नातीचं कॉकाटील होतं. पक्षी पंख फुगवून बसायचा, नाकातून पाणी, हिरवट विष्ठा. पशुवैद्यकाला सिट्टॅकोसिसची शंका आली. हा पोपटवर्गीय पक्ष्यांचा आजार आहे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसाला होतो आणि न्यूमोनिया करतो. इथं मात्र प्रश्न माझ्या कक्षेत आला. आजोबांची फुप्फुसं आधीच कमजोर. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, पक्षी सोडून द्या. आठवीतली नात रडून बेजार.

पिंजऱ्यात वाढलेलं कॉकाटील ऑस्ट्रेलियातल्या पूर्वजांचं, ते आपल्या माळावर दोन दिवसही जगणार नाही, आणि आजारी पक्षी बाहेर सोडणं म्हणजे आजार बाहेर सोडणं. उपचार पूर्ण झाले तर पक्षीही वाचतो आणि घरही सुरक्षित राहतं. म्हणून ठरलं असं की पक्ष्यावर पशुवैद्यक उपचार करतील आणि घरच्यांवर मी लक्ष ठेवीन. पिंजरा आजोबांच्या खोलीपासून दूर गेला. विष्ठा कोरडी झाडायची नाही, आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं ओली करायची, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालायचे, आणि हे काम नातीनं नाही, वडिलांनी करायचं. घरात कोणालाही ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर त्याच दिवशी मला दाखवायचं.

औषध ठरलं डॉक्सिसायक्लिन. पक्ष्यांमध्ये या आजारासाठी ते रूढ पद्धतीप्रमाणे ४५ दिवस देतात. पशुवैद्यकानं चिठ्ठीवर प्राणी, वजन, दर मिलिलिटरला किती औषध आणि एका वेळी किती मिलिलिटर, हे सगळं लिहून दिलं. एका ओळखीच्या फार्मासिस्टनं ते तयार केलं, मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

त्यानं आधी काट्यावर औषध तोललं. खलात घोटून पीठ केलं. मग त्यात दोन थेंब पातळ पदार्थ घालून लापशीसारखी गुठळी नसलेली पेस्ट केली. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे एका थेंबात दहा डोस. पेस्टमध्ये थोडं थोडं माध्यम घालत मापाच्या नळकांड्यात खुणेपर्यंत आणलं. हे माध्यम साधं पाणी नसतं. साध्या पाण्यात औषधाचे कण खाली बसतात, मग पहिले डोस पातळ आणि शेवटचे जहाल होतात. कण अधांतरी राहावेत म्हणून त्यात घट्टपणा देणारा पदार्थ घालतात. म्हणूनच बाटलीवर "वापरण्यापूर्वी चांगली हलवा" लिहिलेलं असतं. ती सूचना शोभेची नाही.

बाटली मोठी केली नाही, आठवड्यापुरतीच केली. अशा तयार केलेल्या डॉक्सिसायक्लिनची ताकद साधारण आठवड्यानंतर झपाट्यानं उतरते. बाटली तशीच दिसते, वासही तोच, पण आत औषध उरलेलं नसतं. पेशंट म्हणतो, "औषध चालू आहे, गुण नाही." म्हणून दर आठवड्याला नवी बाटली, अंधाऱ्या रंगाची, फ्रिजमध्ये.

आणखी एक गोष्ट पशुवैद्यकानं सांगितली, ती मला आवडली. पिंजऱ्यात चोच घासायला लावलेला समुद्रफेसाचा तुकडा काढून टाका. तो कॅल्शियमचा असतो आणि कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला पोटातच पकडून ठेवतं. आपल्यातही हेच होतं. डॉक्सिसायक्लिन घेताना कॅल्शियमच्या, लोहाच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नका, असं मी रोज सांगतो. इथं तोच नियम पिंजऱ्याला लागू झाला.

४५ दिवस नातीनं वहीत खुणा केल्या. विसाव्या दिवशी पक्षी ओरडू लागला तेव्हा घरचे म्हणाले, आता बास. पण लक्षणं जाणं म्हणजे जंतू जाणं नव्हे, हे आपण टीबीच्या औषधांवरून शिकलेलो आहोत. कोर्स पूर्ण झाला. त्या काळात आजोबांना न्यूमोनिया झाला नाही.

माध्यम आणि माप, दोन्हीत जीव जातो

हे वाचून कोणी घरी खलबत्ता काढू नये, म्हणून पुढचं सांगतो.

औषध ज्यात मिसळतात तो पदार्थ निरुपद्रवी असेलच असं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड नावाचं चांगलं औषध डायइथिलीन ग्लायकॉल या द्रवात विरघळवून विकलं गेलं. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं पुष्कळ होती. औषधात दोष नव्हता, तो माध्यमात होता. त्यानंतर १९३८ मध्ये तिथं कायदा कडक झाला. आपल्याकडं १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपमधून याच विषानं किडनी बंद पडून गेली. त्यातली अनेक उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणली होती. गोड, पारदर्शक, घट्टसर द्रव दिसला म्हणून तो ग्लिसरीनच असतो असं नाही.

मापाचं उदाहरण घोड्यांचं आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोलोच्या स्पर्धेआधी २१ घोडे एकापाठोपाठ कोसळून मेले. त्यांच्यासाठी खास तयार करून घेतलेल्या इंजेक्शनात सेलेनियमचं प्रमाण हिशेबातल्या चुकीनं भलतंच जास्त पडलं होतं. हे जनावर चारशे-पाचशे किलोचं. त्याला चूक पेलवली नाही, तर ९० ग्रॅमच्या पक्ष्याला चुकीसाठी जागा किती?

हे आपल्या लेकरांचंही आहे

आमच्या पालीत इन्फंट इंडिया ही संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचा सांभाळ करते, हे बीड जिल्ह्यात बहुतेकांना माहीत आहे. या मुलांच्या औषधांचा इतिहास या विषयाशी जुळतो. मुलांसाठीचा राष्ट्रीय एचआयव्ही उपचार कार्यक्रम आपल्याकडं २००६ च्या अखेरीस सुरू झाला. मुलांच्या मापाच्या गोळ्या येण्याआधी अनेक ठिकाणी मोठ्यांच्या, तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या मोडून दिल्या जात. पुढं लक्षात आलं की अशा मोडलेल्या गोळीतून लहान मुलांना त्यातलं एक औषध, नेव्हिरॅपिन, कमी पडतं. कारण मोठ्यांच्या गोळीतलं तीन औषधांचं आपसातलं प्रमाणच मुलांच्या शरीराला जुळत नव्हतं. गोळी अर्धी केली तरी प्रमाण तेच राहतं. मग मुलांसाठी वेगळ्या प्रमाणाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे बालरोगाचं पहिलं वाक्य आहे. तसंच ससा म्हणजे छोटं मूल नव्हे, आणि पक्षी म्हणजे छोटा ससा नव्हे.

घरी प्राणी असेल तर एवढं करा

प्राणी आणण्याआधी त्याला तपासणारा पशुवैद्यक कोण, हे शोधून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अवघड केस असेल तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडं, मुंबईत परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाकडं विचारता येतं.

आपला हिरवा देशी पोपट आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव घरी पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. असा प्राणी जखमी सापडला तर घरगुती उपचार नको, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावचं सर्पराज्ञी केंद्रही जखमी वन्यप्राण्यांसाठी काम करतं.

प्राण्याचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्यातून एकदा वजन घ्या. छोटे प्राणी आजार लपवतात, पण वजन लपत नाही.

तयार केलेल्या औषधाच्या बाटलीवर या गोष्टी आहेत का बघा: प्राण्याचं आणि मालकाचं नाव, औषधाचं नाव, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, एका वेळी किती मिलिलिटर, तयार केल्याची तारीख, फेकून देण्याची तारीख, कुठं ठेवायचं. यातलं एकही नसेल तर परत जाऊन लिहून घ्या. पाण्यात केलेलं, टिकवणारं रसायन नसलेलं औषध फ्रिजमध्येसुद्धा साधारण १४ दिवसांपलीकडं ठेवत नाहीत, काही त्याआधीच खराब होतात.

चमचा आणि थेंब ही मापं नाहीत. सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज वापरा. इथं एक मोठी गफलत होते. आपल्याकडं इन्सुलिनची सिरिंज बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे ४० च्या खुणेवर १ मिलिलिटर. तिच्यावरचा १० म्हणजे पाव मिलिलिटर, ०.१ नव्हे. घरात मधुमेहाचा पेशंट असेल तर हीच सिरिंज हाताशी असते. ती प्राण्याला वापरू नका.

पक्ष्याला चोचीत धार सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, औषध फुप्फुसात जातं. कडेनं, थोडं थोडं, गिळायला वेळ देऊन द्या, आणि पहिला डोस पशुवैद्यकाकडून शिकून घ्या.

औषध पिण्याच्या पाण्यात मिसळू का, असं विचारतात. पशुवैद्यकानं सांगितलं असेल तरच. आजारी प्राणी पाणी कमी पितो, पाणी कडू लागलं तर पीतच नाही, मग तहान आणि आजार दोन्ही वाढतात.

तुम्ही स्वतः आजारी पडलात तर घरात कोणता प्राणी आहे ते डॉक्टरांना सांगा. न्यूमोनियाच्या पेशंटला मी आता पक्ष्यांबद्दल विचारतोच. लहान मुलाला जुलाब आणि ताप असेल तर कासवाबद्दल विचारतो, कारण कासवाच्या अंगावर आणि टाकीच्या पाण्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती मुलांच्या याच आजारामुळं.

आणि शेवटचं. कोर्स संपल्यावर उरलेलं औषध, माणसाचं असो की प्राण्याचं, 'पुढच्या वेळी लागेल' म्हणून ठेवू नका. औषध एका पेशंटसाठी, एका आजारासाठी, एका मुदतीपुरतं असतं. आज घरी गेल्यावर फ्रिजचं दार उघडा आणि मागच्या पावसाळ्यातली अर्धी बाटली तिथं उभी असेल तर काढून टाका. पुढच्या वेळी ससा शिंकला तर ती हाताशी नसलेलीच बरी.